अर्ध्या मिलिमीटरचा डोळा

माणसाचा डोळा एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत मोजला तर साधारण तीन सेंटिमीटर भरतो. आता साडेपाच फुटांचा एक धडधाकट माणूस घ्या आणि त्याला साठपट लहान करा. उंची झाली २८ मिलिमीटर, अंगठ्याच्या पेराएवढी. डोळा झाला अर्धा मिलिमीटर. त्यातलं बारा मिलिमीटरचं बुबुळ उरलं मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढं. हातभर अंतरावरून चांगल्या नजरेला जेमतेम मिलिमीटरचा सातवा हिस्सा वेगळा ओळखू येतो. म्हणजे हे बुबुळ दिसण्याच्या अगदी काठावर उभं आहे. आणि तरीही जगभर हजारो शहाणीसुरती माणसं रात्री टेबललॅम्पखाली बसून, श्वास रोखून, ते बुबुळ रंगवत असतात.

हे कशासाठी? तर टेबलावर लढाई खेळण्यासाठी. प्रशियाच्या राइसविट्झ बापलेकांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लष्करी अधिकाऱ्यांसाठी एक युद्धखेळ रचला. मुलाने १८२४ मध्ये त्याचे नियम छापले. त्यात नकाशा आणि ठोकळे होते, पुतळे नव्हते. १८९३ मध्ये इंग्लंडमधल्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने शिशाचे पोकळ सैनिक काढले: साच्यात वितळलेलं शिसं ओतायचं, कडेला पातळ साय धरली की आतलं उरलेलं परत ओतून टाकायचं. धातू कमी, वजन कमी, किंमत कमी. मग एच. जी. वेल्स यांनी, म्हणजे अदृश्य माणूस आणि मंगळवासीयांची स्वारी लिहिणाऱ्या त्याच वेल्सनी, १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून अशा सैनिकांशी बैठकीच्या खोलीत कसं लढायचं ते सांगितलं. त्यांच्या खेळात स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळी उडवून शत्रूचा शिपाई खरोखर आडवा पाडायचा असे. आज या छंदाची पंढरी नॉटिंगहॅम. तिथल्या गेम्स वर्कशॉपचा ‘वॉरहॅमर’ १९८३ चा. प्लॅस्टिकचे राखाडी सुटे भाग डब्यातून येतात. ते कापायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे, हे सगळं ज्याचं त्यानं करायचं.

हे वाचून एखाद्या मराठी माणसाला आपला दिवाळीतला किल्ला आठवला नाही तरच नवल. विटा, दगड, पोती आणि मातीचा लगदा, उतारावर पेरलेले हळीव, माथ्यावर सिंहासनाधिष्ठित महाराज, बुरुजांवर मावळे, पायथ्याला गवळण आणि भाजीवाली. पुण्यात कसब्यातल्या कुंभारवाड्यात ही ‘किल्ल्यावरची चित्रं’ टोपल्यांतून मांडलेली असतात. आपल्याकडे लहान सैनिकांची ही एवढी मोठी परंपरा आहे आणि तिच्याकडे आपण पोरखेळ म्हणून पाहतो, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

किल्ल्यावरचा एक मावळा हातात घेऊन नीट पाहा. तलवार खांद्याला किंवा छातीला चिकटलेली. ढाल पोटाशी. पाय एकमेकांना जोडलेले, खाली जाड चौथरा. समोरून पाहिलं तर माणूस, बाजूने पाहिलं तर चपटा. कुंभाराला शरीरशास्त्र येत नाही म्हणून हे असं झालं नाही. साचा दोन फाळक्यांचा असतो. माती दाबली, फाळकी ओढून वेगळी केली, की पुतळा सुटला पाहिजे. कोपर बाहेर काढलं, हात आणि छाती यांच्यात फट ठेवली, तर साचा तिथे अडकतो आणि हात मोडून त्याच्याबरोबर जातो. म्हणून अवयव एका पातळीत. आता गंमत अशी की नॉटिंगहॅमच्या पोलादी साच्याचीही अडचण हीच आहे. कडक साचा सरळ ओढला की भाग सुटायला हवा. त्यांनी उपाय काढला तो पुतळ्याचे तुकडे करण्याचा: डोकं वेगळं, दोन हात वेगळे, झगा दोन भागांत. प्रत्येक तुकडा आपापल्या साच्यातून सुखरूप निघतो आणि जोडल्यावर उसळी मारणारा योद्धा तयार होतो.

तुकड्यांची हीच युक्ती कोकणात शाडूच्या मातीत चालते. पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आपटा मागे पडलं की जिते, हमरापूर, पेण, कासू, नागोठणे अशी स्थानकं येतात. कासूचं नाव बाहेरच्या जगाला कळलं ते मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणामुळे. ‘पळस्पे ते कासू’ आणि ‘कासू ते इंदापूर’ असे त्याचे दोन टप्पे पाडले आणि ते इतके रखडले की गावाचं नाव वर्तमानपत्रात वर्षानुवर्षं छापून येत राहिलं. पण या पट्ट्याची खरी ओळख रस्ता नव्हे, गणपती. पेण शहर आणि हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे ही आसपासची गावं वर्षभर मूर्ती घडवतात. त्यातल्या पुष्कळशा ‘कच्च्या’, म्हणजे न रंगवलेल्या, राज्यभर जातात आणि तिथला स्थानिक कलाकार त्या आपल्या हाताने रंगवतो. कारखान्यातून कोरा पुतळा यावा आणि त्याला चेहरा घरच्याने द्यावा, ही पद्धत पेणला कुणी इंग्लंडहून शिकवली नाही.

पेणच्या साच्यात रबर आलं तेव्हा मोठी सोय झाली. रबर वाकतं, म्हणून बोटांच्या मधली फट, सोंडेखालची पोकळी, दागिन्यांची कोर यांतून ते अलगद सोलून काढता येतं. मागे त्याला आधार म्हणून प्लास्टरचं कडक कवच. धातूचे छोटे सैनिक ओतणारेही रबराचाच साचा वापरतात. फक्त तो चकतीच्या आकाराचा असतो आणि गरगर फिरवतात, म्हणजे वितळलेला धातू जोराने बोटांच्या टोकापर्यंत पोहोचतो. तरीही हात, सोंड, मुकुट असे अवघड भाग वेगळे काढून चिकटवणं मूर्तीतही आहेच. त्यामुळे एकाच धडाला मुकुटाऐवजी फेटा, सिंहासनाऐवजी लोड, हाताची वेगळी मुद्रा देऊन निराळा गणपती करता येतो. परदेशी छांदिष्ट ज्याला ‘कन्व्हर्जन’ म्हणून मिरवतात, ते इथे रोजचं काम आहे.

पण घडवण्यापेक्षा मला जास्त थक्क करतं ते रंगवणं. कारण इथे डोळ्याला चक्क फसवायचं असतं.

मावळा उभा आहे सह्याद्रीत, भर उन्हात. आपला पुतळा उभा आहे घरात, ट्यूबलाइटखाली. आकाशातला सूर्य आपल्याला अर्ध्या अंशाएवढा दिसतो, म्हणून त्याची सावली रेखीव. चार फुटी ट्यूब दोन मीटरवरून पाहिली तर लांबीच्या दिशेने ती तीस अंशांहून जास्त पसरते, सूर्याच्या साठपटीहून अधिक. त्यात भिंतींवरून परतणारा उजेड. अशा प्रकाशात अंगरख्याच्या अर्ध्या मिलिमीटर खोल चुणीत सावली पडते ती इतकी पुसट की नसल्यासारखीच. शिवाय पुतळा हातभर, म्हणजे साठएक सेंटिमीटरवर धरला, की त्याच्या मापाने आपण छत्तीस मीटर लांब उभे असतो. तेवढ्या लांबच्या माणसाच्या कपड्याची चुणी कुठे दिसते? म्हणून अंगरख्याला एकच सपाट पिवळा फासला तर तो रंग कितीही अचूक असो, पुतळा दिसतो पिवळ्या साबणाच्या वडीसारखा. सावली पडत नाही, तर ती रंगवायची. उजेड पडत नाही, तर तोही रंगवायचा.

त्यासाठी रंगारी जे करतो त्यात भौतिकशास्त्र त्याच्या बाजूने उभं असतं. आधी प्रायमरचा थर, मग मूळ रंगाचे पातळ थर. एक जाड थर दिला तर बोटांमधल्या भेगा बुजतात, म्हणून दोन पातळ बरे. मग ‘वॉश’: गडद तपकिरी रंगात एवढं पाणी आणि माध्यम घालायचं की तो नुसता पाझरेल. हा द्रव पुतळ्यावर लावला की उंचवट्यांवरून सरकतो आणि चुण्यांत जाऊन बसतो. तो गुरुत्वाकर्षणाने खाली वाहतो असं वाटतं, पण पुतळा उलटा धरला तरी तो चुणीतच शिरतो. साध्या पाण्याच्या बाबतीत पावणेतीन मिलिमीटरच्या खाली पृष्ठताणाचं राज्य सुरू होतं आणि वजनाला कोणी विचारत नाही. समईची वात तेल वर ओढते तीच ही ओढ. अठ्ठावीस मिलिमीटरच्या माणसाच्या अंगावरची प्रत्येक चुणी या राज्यात मोडते. म्हणजे सावली कुठे हवी हे रंगाऱ्याने ठरवायचंच नाही, पुतळ्याचा चढउतार ती स्वतः आखून घेतो.

फक्त वॉश कुठे तळ्यासारखा साचू द्यायचा नाही. साचला तर वाळताना त्याच्या कडेला गडद रेघ उमटते, टेबलावर सांडलेला चहाचा थेंब वाळल्यावर उमटते तीच. थेंबाची कड जागची हलत नाही, बाष्पीभवन कडेला सर्वांत जोरात होतं, ते भरून काढायला आतलं पाणी कडेकडे धावतं आणि रंगाचे कण बरोबर नेतं. इतकी रोजची गोष्ट, पण तिचा नीट खुलासा शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दिला तो १९९७ साली. रंगारी मात्र त्याआधीपासून कोरड्या कुंचल्याच्या टोकाने जास्तीचा थेंब टिपून घेत आले आहेत.

उजेडासाठी याच्या उलट. कुंचला फिक्या रंगात बुडवायचा, कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसायचा आणि पुतळ्यावरून हलकेच झटकायचा. खोलगट भागाला तो शिवतच नाही. नाकाचा शेंडा, गुडघा, मुंडाशाच्या पिळाची कड एवढंच उजळतं. दुसरी एक हिकमत मला फार आवडते. आधी पुतळा पूर्ण काळा करायचा आणि मग सूर्य जिथे असायला हवा तिथून, म्हणजे डोक्यावरून, पांढरा रंग फवारायचा. फवारा सरळ रेषेत जातो, उजेडही सरळ रेषेत जातो. त्यामुळे जिथे ऊन पडलं असतं नेमकं तिथेच पांढरं उमटतं, आणि हनुवटीखाली, काखेत, शेल्याच्या आत काळं राहतं. त्यावर पारदर्शक रंग दिले की ऊन अंगाला चिकटून बसलं. आता घरातला दिवा कुठेही असो. पेणमध्ये कॉम्प्रेसरच्या गनने सोंडेच्या वळणावर, पोटाच्या घेरावर गडद छटा मारतात, ती याच घराण्यातली.

डोळ्यांच्या बाबतीत मात्र दोन्हीकडचा क्रम उलट आहे. पेणच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी शेवटची. अंगाचा रंग, पितांबर, शेला, सोनेरी दागिने सगळं झालं की मगच आखणी करणारा हात लागतो, आणि तो हात कारखान्यात मोजक्यांचाच असतो. फूटभराच्या मूर्तीत डोळ्याला जागा असते, रेघ जाड-बारीक करता येते, नजर खाली वळवता येते. अर्ध्या मिलिमीटरमध्ये ही चैन नाही. तिथे बहुतेक जण डोळा आधी उरकतात. खोबणीत पांढरी आडवी पट्टी मारायची, पट्टीबाहेर गेली तर जाऊ द्यायची. तिच्यावर काळी उभी रेघ, वरपासून खालपर्यंत. मग गालाचा आणि पापणीचा रंग घेऊन चारी बाजूंनी आत यायचं आणि जास्तीचं सगळं झाकून टाकायचं. डोळा काढायचा नसतो, तो शिल्लक ठेवायचा असतो. बुबुळ ठिपक्यासारखं मध्ये ठेवलं आणि वर-खाली पांढरं दिसू दिलं, तर कसलेला लढवय्या भूत पाहिल्यासारखा डोळे वटारून बघतो. म्हणून रेघ दोन्ही पापण्यांना टेकवायची आणि जराशी एका बाजूला सरकवायची. मग तो शत्रूच्या हालचालीवर नजर ठेवून असल्यासारखा दिसतो.

आणि तरीही हा डोळा प्रमाणात नसतोच. कारखानेच डोकी आणि पंजे मुद्दाम मोठे घडवतात. पाच मिलिमीटर जाड तलवार साठपट लहान केली तर मिलिमीटरचा बारावा हिस्सा उरते, कागदाएवढी. ती ओतताही येणार नाही आणि ओतली तरी पहिल्याच खेळात मोडेल. म्हणून ती जाड करतात. अगदी काटेकोर प्रमाणातला पुतळा शेजारी ठेवून पाहा: तो अशक्त, किडकिडीत आणि, विचित्र म्हणजे, खोटा वाटतो. आपली नजर लहान माणसात चेहरा आणि हात शोधते. ते मोठे सापडले की खूष होते.

आता एक मावळा प्रत्यक्ष घडवू. मराठा सैन्याचे पुतळे परदेशात मिळतात, पण ते बरेचसे पानिपत किंवा १८०३ च्या असईच्या लढाईचे. शिवकालातला अनवाणी मावळा हवा असेल तर दुसऱ्या कुणाला तरी त्याच्या वेषात आणावं लागतं. सुदानमध्ये १८८० च्या दशकात इंग्रजांशी लढलेल्या अन्सार योद्ध्यांचे प्लॅस्टिकचे पुतळे यासाठी फार सोयीचे. काटक अंग, उघड्या पोटऱ्या, गोल ढाल आणि सरळ पात्याची तलवार. आपली धोपही सरळ पात्याचीच. त्यांची मूठ मात्र क्रॉससारखी, ती कापून तिथे बोटं झाकणारी परज हवी. डोकं धारदार पात्याने मानेशी कापायचं, हाताने फिरवायच्या बारीक गिरमिटाने धडात आणि डोक्यात छिद्र पाडायचं आणि आत यू-पिनेच्या तारेचा तुकडा घालून डोकं हवं तिकडे वळवून चिकटवायचं. तार नसेल तर नुसत्या गोंदावरचं डोकं एक दिवस टेबलाखाली शोधावं लागतं.

मुंडासं बांधायला तिकडे दोन रंगांची पुट्टी वापरतात, निळी आणि पिवळी मळली की हिरवी होते. आपल्याकडे नळ गळायला लागल्यावर हार्डवेअरच्या दुकानातून आणतो ते एम-सील किंवा मूर्तिकामातलं ‘शिल्पकार’ नावाचं मिश्रण त्याच जातीचं: दोन भाग मळायचे, काही तासांत दगड होतो. वाटाण्याच्या पाव भागाएवढा गोळा घ्यायचा, बोट ओलं करायचं, काचेवर लाटून त्याचं सूत काढायचं आणि ते डोक्याभोवती तिरकं, एकावर एक, गुंडाळायचं. प्रत्येक पिळावर ओल्या सुईने दोन-तीन खाचा. शेवटचं टोक मानेवर सोडायचं. कमरेला शेल्यासाठी असंच एक चपटं सूत. ढालीवर गोंदाचे चार थेंब टाकले की चार उंचवटे. हे पाहताना लक्षात येतं की पुट्टीचं मुंडासं खऱ्यासारखं दिसतं ते कोरल्यामुळे नव्हे, खरोखर गुंडाळल्यामुळे.

हा मावळा लढवायचा कुठे? कासूजवळच्या नागोठण्याला जी अंबा नदी मिळते, तिच्या वरच्या अंगाला, खालापूर तालुक्यात, उंबरखिंड आहे. फेब्रुवारी १६६१ मध्ये मुघल सरदार कारतलबखानाची फौज घाट उतरून कोकणात निघाली होती. दाट जंगल, अरुंद वाट, पुढे-मागे सरकायला जागा नाही. महाराजांनी तिला तिथे कोंडून शस्त्रं आणि सामान ठेवून माघारी जायला लावलं. टेबलावर मांडायला याहून चांगला प्रसंग मिळणं कठीण, कारण मोठी फौज असणं हीच इथे अडचण ठरते.

मांडायला गेलं की मापांची मोठी गंमत सुरू होते. सहा फूट बाय चार फुटांचं टेबल पुतळ्याच्या मापाने एकशेदहा मीटर बाय त्र्याहत्तर मीटर. तोड्याच्या बंदुकीची गोळी या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहोचेल. खिंड सोडाच, तिचं एक वळणही यात मावायचं नाही. म्हणून खेळणारे जमिनीचं माप निराळं धरतात आणि माणसांचं निराळं. टेबलावरचं वीतभर अंतर म्हणजे शंभर पावलं, आणि त्या वीतभरावर उभा असलेला मावळा स्वतःच त्या मापाने ताडाएवढा. एक झाड म्हणजे रान, पाच पुतळे म्हणजे पन्नास माणसं. दिवाळीच्या किल्ल्यात हेच तर असतं. तीन फुटांचा डोंगर, त्याच्या दरवाज्यापेक्षा उंच पहारेकरी, पहारेकऱ्याहून मोठा वाघ, आणि महाराज सगळ्यांहून मोठे. हळीव दोन इंच वाढले की मावळ्याच्या मापाने दहा फुटांचं गवत, जमिनीच्या मापाने प्रचंड अरण्य. कुठल्याही पोराला यात काही खटकत नाही.

राहिलं शेवटचं काम, वार्निश. हाताळून रंग उडू नये म्हणून ते लागतंच, पण चकचकीत लावलं तर खांद्यावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब उमटतं आणि एवढ्या कष्टाने रंगवलेलं ऊन फुकट जातं. म्हणून मॅट वार्निश, आणि फक्त तलवारीच्या पात्यावर व ओल्या चिखलावर चकाकी. मॅट फवाऱ्याचं मात्र दमट हवेशी वाकडं आहे. हवेत ओल असली की तो थर धुकट पांढरा होतो आणि आठवडाभराची मेहनत धुरकटते. म्हणून कोकणातल्या छांदिष्टाने फवारणी दसऱ्यानंतर करावी. पेणच्या कारागिरांना ही मुभा नाही. त्यांच्या गिऱ्हाइकाला मूर्ती भाद्रपदात हवी असते आणि शेवटचे हात फिरतात ते आषाढ-श्रावणाच्या झडीत. पंखे लावून, दिव्यांची ऊब देऊन, ताडपत्रीच्या आत, शेजारच्या ओळीतल्या मूर्तीला धक्का न लावता ते हे दर वर्षी वेळेत पुरं करतात.